तीन कुलपं, दहा संधी: एका घरातल्या बंद डिस्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातले एक स्ट्रक्चरल इंजिनिअर 2024 च्या सुरुवातीला हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय 67. सकाळी साइटवर जाऊन आले, दुपारी जेवले आणि संध्याकाळी नव्हते. मागे पत्नी, पुण्यात राहणारी मुलगी आणि जर्मनीत नोकरी करणारा मुलगा. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गेलेल्या गृहस्थांना मी इथं काका म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकू, कारण प्रत्यक्षातही तसंच म्हणत होतो.

मी पुण्यात डेटा रिकव्हरीचं काम करतो. बंद पडलेल्या हार्ड डिस्क, पाण्यात भिजलेले पेन ड्राइव्ह, शॉर्ट सर्किटमध्ये गेलेले सर्व्हर हे रोजचं. कुलूपबंद डिस्क घेऊन कोणी आलं की मी सहसा नाही म्हणतो, कारण ती वस्तू आणणाऱ्याचीच आहे याची खात्री पटत नाही. इथं मृत्यूचा दाखला होता, वारसांचे कागद होते, आणि तिन्ही वारसांनी एकाच पत्रावर सह्या करून दिल्या होत्या. मुलाची सही स्कॅन होऊन आली. ते पत्र हातात पडल्यावरच मी पिशवी उघडली.

समोर काय होतं

पिशवीत तीन वस्तू होत्या. पहिला, 2018 सालचा विंडोज लॅपटॉप. दुसरी, साधी एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, जी कुठल्याही संगणकाला लावली की उघडत होती. तिसरी, काळ्या रंगाची जाड डबीवजा हार्ड डिस्क, वर आकड्यांची बटणं आणि तीन बारीक दिवे. पिन दाबल्याशिवाय ती संगणकाला दिसतही नाही.

काकूंना विचारलं, नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण उत्तरावर निम्मं काम ठरतं. मुलगी म्हणाली, गुंतवणुकीचे कागद. मुलगा फोनवर म्हणाला, बाबांच्या भागीदाराला दोन सोसायट्यांची ड्रॉइंग्ज लागताहेत, काम अडलंय. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या यांनी टेप केलेल्या. नंतर त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. कॅसेटी 2019 च्या पुरात गेल्या. तेवढं बघा की."

पंचगंगेचं पाणी त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या तळमजल्यात छातीपर्यंत आलं होतं. कॅसेटचा खोका तिथंच होता.

गुंतवणुकीची घाई लगेच बाजूला काढता आली. बँकेची खाती, डीमॅट, विमा हे सगळं मृत्यूचा दाखला आणि नॉमिनेशनवर होतं. त्यासाठी काकांचा एकही पासवर्ड लागत नव्हता, फक्त कुठं काय आहे एवढं कळायला हवं होतं, आणि तेही पासबुकांतून व जुन्या आयकर विवरणपत्रांतून बरंचसं कळलं. उरली ड्रॉइंग्ज आणि ओव्या.

माझ्याकडे येण्याआधीच काय बिघडलं होतं

हा भाग सविस्तर सांगतो, कारण पुढचं बरंचसं इथंच ठरून गेलं.

लॅपटॉप उघडेना म्हणून घरच्यांनी तो ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्या माणसानं मनापासून प्रयत्न केले. विंडोजचा पिन माहीत नव्हता, म्हणून त्यानं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, जाऊन सेटिंग्ज बदलली आणि त्यात टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप) क्लिअर केला. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू झाला तो निळ्या पडद्यावर, 48 आकडी रिकव्हरी की मागत.

झालं होतं ते असं. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू होता. काकांनी तो मुद्दाम लावलेला नव्हता बहुतेक, बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज तो आपोआप चालू करतं. अशा मांडणीत डिस्कची किल्ली त्या टीपीएम चिपमध्ये असते आणि लॅपटॉप सुरू होताना चिप ती स्वतःहून देते. मालकाला काही टाकावं लागत नाही. हीच त्यातली कमकुवत जागाही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये एका संशोधकानं जुन्या लेनोवो लॅपटॉपवर दाखवलं होतं की टीपीएम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून जाणारी ही किल्ली, काहीशे रुपयांचा रास्पबेरी पाय पिको बोर्ड लावून, 43 सेकंदांत वाचता येते. आजकाल टीपीएम बऱ्याचदा प्रोसेसरच्या पोटातच असतो, तिथं या तारा हाती लागत नाहीत. काकांच्या लॅपटॉपमध्ये मात्र तो वेगळी चिप होता. म्हणजे तोच रस्ता मला खुला असता. टीपीएम पुसला गेला आणि तो बंद झाला.

दुसरी गोष्ट काळ्या डबीची. मुलगा अंत्यविधीसाठी आला तेव्हा त्यानं वाढदिवस, लग्नाची तारीख, घराचा जुना फोन नंबर असे पाच पिन दाबून पाहिले. त्या डबीची व्यवस्था अशी की ओळीनं दहा चुकीचे पिन पडले की ती आतली किल्ली नष्ट करते. डेटा जागच्या जागी राहतो, पण कायमचा गोंगाट होऊन, म्हणजे वाचता न येणारे अर्थहीन आकडे होऊन. वायर काढून पुन्हा लावली तरी मोजणी शून्यावर येत नाही. दहातले पाच गेले होते, आणि मुलाला ते ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

तिसरी गोष्ट थोडक्यात वाचली. काकांचं सिम बंद करण्याचा अर्ज मुलगी त्याच आठवड्यात देणार होती. कशाला उगाच बिल भरायचं, हा तिचा साधा विचार. तो अर्ज मी थांबवायला सांगितला.

पर्याय

लॅपटॉपसाठी अंदाजानं रिकव्हरी की शोधण्याचा प्रश्नच नव्हता. त्या 48 आकड्यांचे सहा-सहाचे आठ गट असतात. प्रत्येक गटाला 11 नं पूर्ण भाग जातो, म्हणून एका गटाच्या शक्यता 65,536 एवढ्याच उरतात. तरी आठ गट मिळून 2 चा 128 वा घात. पृथ्वीवरचे सगळे संगणक लावले तरी ते होणार नाही. उरली एकच वाट: ती रिकव्हरी की कुठंतरी साठवलेली असणार. कागदावर, पेन ड्राइव्हवर किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात.

साध्या हार्ड डिस्कवर फोटो होते, बिलं होती, आणि साइटच्या व्हिडिओसारखं नाव असलेली 64 जीबीची एक फाइल होती जी कशातच चालेना. सुरुवातीचे बाइट पाहिले तर व्हिडिओची कसलीच खूण नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा गोंगाट. इतका निर्मळ गोंगाट आपोआप तयार होत नाही. व्हेराक्रिप्ट या कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामचा कंटेनर, म्हणजे आत फाइली ठेवलेली एक बंद पेटी, असणार असा माझा अंदाज होता, आणि पुढं लॅपटॉप उघडल्यावर त्यावर व्हेराक्रिप्ट सापडलंही.

हे कुलूप किती पक्कं, याचं जगजाहीर उदाहरण ब्राझीलचं आहे. 2008 मध्ये तिथल्या पोलिसांनी डॅनिएल डांटास या बँकरच्या घरातून हार्ड डिस्क जप्त केल्या. त्यांवर व्हेराक्रिप्टचा पूर्वज ट्रूक्रिप्ट होता. ब्राझीलच्या तज्ज्ञांनी पाच महिने प्रयत्न केले, मग डिस्क अमेरिकेत एफबीआयकडे गेल्या, तिथं वर्षभर पासवर्डच्या याद्या चालवल्या गेल्या, आणि 2010 मध्ये डिस्क जशाच्या तशा परत आल्या. गणित तुटत नाही. तुटतो तो माणसानं निवडलेला पासवर्ड, आणि डांटास यांचा तो तुटला नाही.

व्हेराक्रिप्टमध्ये दहा संधींची मर्यादा मात्र नसते. फाइल 64 जीबीची असली तरी पासवर्ड तपासायला तिचे पहिले 512 बाइट पुरतात. तेवढे कॉपी करून घेतले की कोणीही आपल्या संगणकावर हवे तितके दिवस, हव्या तितक्या वेळा प्रयत्न करू शकतो. रोखणारी गोष्ट एकच: मूळ मांडणीत प्रत्येक अंदाजासाठी तेच हॅशिंग (पासवर्ड उलट न फिरवता येणाऱ्या गणितातून काढणं) 5,00,000 वेळा करावं लागतं. माझ्या ग्राफिक्स कार्डवर त्यामुळे सेकंदाला साधारण हजार अंदाज होत होते. लहान अक्षरं आणि आकडे मिळून आठ जागांचा खरोखर यादृच्छिक पासवर्ड असता, तर सगळ्या शक्यता संपायला 90 वर्षं लागली असती. बारा जागांचा असता तर 15 कोटी वर्षं. पण काका 67 वर्षांचे इंजिनिअर होते. पासवर्ड त्यांना लक्षात ठेवायचा होता. त्यामुळे ओळखायचं होतं ते काकांना.

काळ्या डबीचं दुखणं याच्या नेमकं उलट. पिन आकड्यांचाच, किमान सात आकडी, म्हणजे एक कोटी शक्यता. माझ्या कार्डावर या कोटीचे तीन तासही लागले नसते. पण डबी प्रयत्न करू देते दहाच. तिची सारी ताकद आतल्या चिपच्या प्रामाणिकपणात आहे.

चिप नेहमी प्रामाणिक असतातच असं नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. 2010 च्या सुरुवातीला एसवायएसएस या जर्मन कंपनीनं दाखवून दिलं की किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बेटिमचे काही सुरक्षित पेन ड्राइव्ह, अमेरिकन सरकारी मानकाचं प्रमाणपत्र मिळालेले, पासवर्ड तपासायचे संगणकावरच्या प्रोग्राममध्ये, आणि तो बरोबर निघाला की पेन ड्राइव्हला दर वेळी तोच एक ठरलेला संदेश जायचा. तो संदेश थेट पाठवला की पासवर्डची गरजच नव्हती. आत एईएस 256 ही डेटा कुलूपबंद करायची पक्की पद्धत होती आणि ती अगदी शाबूत होती. 2018 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोघांना क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींमध्ये (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये) असंच आढळलं: मालकाचा पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा गणिती संबंधच काही मॉडेलमध्ये नव्हता. विंडोज तेव्हा अशा डिस्क कुलूपबंद करायचं काम डिस्कच्याच एन्क्रिप्शनवर सोपवायचं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बदललं.

म्हणून मी काकांच्या डबीचं मॉडेल शोधलं, त्यावर प्रसिद्ध झालेलं काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. आतली चिप इपॉक्सीमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या डिंकात, बुडवलेली होती. खरवडायला गेलं तर चिपच तुटावी म्हणून ते तसं करतात. परदेशात असं काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. स्टेफान थॉमस या प्रोग्रामरच्या आयर्नकी पेन ड्राइव्हमध्ये 7,002 बिटकॉइनची किल्ली अडकली, दहातल्या आठ संधी त्यानं घालवल्या, आणि 2023 मध्ये अनसायफर्ड नावाच्या कंपनीनं त्याच मॉडेलचा ड्राइव्ह उघडून दाखवल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे अशक्य नाही. पण त्यामागं महिन्यांची मेहनत, महागडी यंत्रं आणि सरावात मोडण्यासाठी त्याच मॉडेलचे अनेक नग लागतात. काकूंच्या घराला ते परवडणारं नव्हतं, आणि यशाची खात्री कोणीच देत नव्हतं.

काय केलं

आधी राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून लॅपटॉपच्या आणि साध्या डिस्कच्या पूर्ण प्रती काढल्या. मूळ वस्तू पाकिटात घालून सील केल्या. पुढचं सगळं काम प्रतींवर.

मग काकांचा फोन. पॅटर्न काकूंना माहीत होता, कारण गाडी चालवताना फोन आला की त्याच उघडून द्यायच्या. त्यांनीच समोर बसून मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड बदलायची विनंती टाकली, ओटीपी काकांच्या नंबरवर आला, आणि खात्याच्या पानावर ते 48 आकडे मिळाले. वीस मिनिटांत लॅपटॉप उघडला. सिम बंद झालं असतं तर ही वाट गेली असती.

ड्रॉइंग्ज लॅपटॉपवरच होती. भागीदाराचं काम त्याच दिवशी मार्गी लागलं. ओव्या नव्हत्या.

कंटेनरसाठी पहिली यादी घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टींची केली: नावं, तारखा, स्कूटर आणि गाडीचे नंबर, त्यांच्या जोड्या. सुमारे 20 लाख अंदाज, अर्धा तास, काही नाही. दुसरी यादी 2009 मधल्या एका मोठ्या गळतीतली, 1.4 कोटी पासवर्डची, जी जगभर वापरतात. चार तास. काही नाही. ती चालणारच नव्हती हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्या यादीत कोल्हापूरचा माणूस नाही.

वळण आलं ते ड्रॉइंगच्या फाइलींच्या नावांवरून. मी त्यांची यादी चाळत होतो आणि एक गोष्ट नजरेत बसली. काका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना "ळ" साठी कॅपिटल एल आणि "ण" साठी कॅपिटल एन वापरायचे. "गावठाण" मधला शेवटचा एन मोठा, "काळम्मावाडी" मधला एल मोठा, नावाच्या मध्येच. फोनेटिक पद्धतीनं मराठी टाइप करणाऱ्या जुन्या लोकांची ही सवय असते, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये ळ आणि ण असेच उमटतात. काकांची ती बोटांत उतरली होती. "कुळकर्णी" हे नाव फोनमध्येही त्यांनी तसंच साठवलं होतं.

मुलीला विचारलं, बाबांनी सुरुवातीला कुठं कुठं काम केलं. तिनं आणि काकूंनी मिळून राधानगरीपासून दूधगंगेच्या खोऱ्यापर्यंत साठेक गावांची नावं लिहून दिली. ती सगळी काकांच्या पद्धतीनं लिहिली, दोन-दोनच्या जोड्या लावल्या, पुढं घरातले नंबर, मध्ये त्यांच्या वहीतल्या जुन्या पासवर्डांमध्ये दिसणारी चिन्हं. तीन कोटींच्या आसपास अंदाज झाले. रात्री साडेनऊला यादी लावून घरी गेलो. सकाळी पाहिलं तर यंत्र पावणेचारलाच थांबलेलं होतं, खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ. पासवर्ड 19 अक्षरांचा होता. अब्जावधी वर्षं टिकावा एवढा लांब. सहा तासांत मिळाला, कारण बनवणारा माणूस त्याच्या लिहिण्यात दिसत होता.

आत ओव्यांचा फोल्डर होता. अकरा ध्वनिफिती. आणि एक एक्सेल फाइल, काकांच्या शिस्तीची: क्रमांक, ओवीची पहिली ओळ, कॅसेटची बाजू, मिनिटं. यादी एकोणीसची होती. बारा ते एकोणीस या ओळींपुढं शेरा होता, "काळी डबी".

मग डबीकडे वळलो. पाच संधी शिल्लक होत्या. बटणांवर आकड्यांसोबत जुन्या फोनसारखी अक्षरंही छापलेली होती, म्हणून मिळालेल्या पासवर्डमधल्या पहिल्या गावाचं नाव आकड्यांत बदलून दाबलं. लाल दिवा. सहा. त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं लिहिलेला आठ आकडी नंबर दिसला. बाकी सगळं पेननं आणि हा एकटाच पेन्सिलनं. दाबला. लाल दिवा. सात.

तिथं मी थांबलो.

निर्णयाच्या जागा, आणि आज मी काय वेगळं करेन

सातवी संधी माझ्या हातून वाया गेली. पेन्सिलचा नंबर वेगळा दिसला एवढ्यावर मी तो दाबला. दोन आठवड्यांनी नळपट्टीची जुनी पावती निघाली, तिच्यावर तोच ग्राहक क्रमांक होता. घरातले सगळे नंबर आधी जमवून, ओळखून, बाजूला काढून मग उरलेल्याकडे पाहायचं, एवढी साधी गोष्ट मी उलट क्रमानं केली. कंटेनर सापडल्याचा उत्साह होता. मर्यादित संधी असलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायलाच नको होता.

सार्वजनिक यादीवर चार तास घालवणं ही चूक पैशाची नव्हती, पण तिनं मला शिकवलं. माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेतूनच त्याचा पासवर्ड येतो. आता अशा कामात मी पहिल्या दिवशी त्या व्यक्तीचं लेखन मागतो: फाइलींची नावं, फोनमधली नावं, वहीची पानं.

दुरुस्तीवाल्याला मी दोष देत नाही. लॅपटॉप गेल्यावर सगळे तिथंच जातात. पण घरात कोणी गेलं आणि उपकरणं बंद असली, तर पहिले काही दिवस काहीच करू नये हे कुणीतरी या कुटुंबाला सांगायला हवं होतं. सिम चालू ठेवावं, फोन चार्ज ठेवावा, बायोसला हात लावू नये, पिन दाबून पाहू नये.

काकांनी काय करायला हवं होतं, हे मुलानं मला विचारलं. उत्तर द्यायला जड गेलं, तरी दिलं. त्या डबीत मुख्य पिनशिवाय दुसरा पिन ठेवायची सोय असते. तो काकूंसाठी ठेवता आला असता. कंटेनरचा पासवर्ड बंद पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवता आला असता. आणि आठ ओव्या एकाच ठिकाणी ठेवायच्या नव्हत्या. पुरात कॅसेटी जाताना पाहिलेल्या माणसानं पुढची प्रत इतकी जपून ठेवली की ती घरच्यांच्याही हाती लागली नाही. त्यामागची भीती मला कळते.

मला स्वतःला एका प्रश्नाचं उत्तर अजून पक्कं देता येत नाही. परदेशी प्रयोगशाळेकडे डबी पाठवा असा आग्रह मी धरायला हवा होता का? खर्च पाहता मी "थांबा" म्हणालो. या मॉडेलच्या चिपमध्ये उघड झालेला दोष मला सापडला नाही. पाच वर्षांनी निघेलही, 2010 मध्ये आणि 2018 मध्ये निघाला तसा. आतली डिस्क फिरत्या तबकडीची आहे, कोरड्या जागी ठेवली तर तेवढा काळ टिकायला हरकत नाही. याच भरवशावर मी तो सल्ला दिला.

सध्याची स्थिती

लॅपटॉप मुलीकडे आहे. कंटेनरमधलं सगळं दोन नव्या डिस्कवर आहे, एक पुण्यात, एक मुलाकडे. काकूंसाठी अकरा ओव्या फोनवर घालून दिल्या. पहिली लावली तेव्हा आधी जात्याची घरघर आली, मग आवाज, आणि मध्येच मागून कोणीतरी "चालू झालं का?" असं विचारलं. तो काकांचा आवाज होता. काकूंनी ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

बाराव्या ओवीची पहिली ओळ यादीत वाचून काकूंना ती पूर्ण आठवली. चौदावीही. मुलगी आता दर रविवारी कोल्हापूरला जाते आणि काकूंना म्हणायला लावून टेप करते. आतापर्यंत आठातल्या तीन झाल्या आहेत.

काळी डबी काकूंच्या कपाटात आहे, पातळांच्या वरच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात. झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: "7 झाले, 3 उरले. विचारल्याशिवाय बटण दाबू नये." खाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आहे.